निदेशकाचे तिसरे ज्ञान

महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षणाच्या दुरवस्थेची चर्चा निघाली की ती बहुधा जुनाट यंत्रसामग्री, कालबाह्य अभ्यासक्रम आणि रिक्त पदे यांपाशी येऊन थांबते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिल्प निदेशकाचा, म्हणजे जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री यांसारखा एखादा व्यवसाय शिकवणाऱ्या शिक्षकाचा, विषय निघालाच तर त्याला अद्ययावत करण्याची भाषा होते. त्याला पाच दिवसांच्या उजळणी वर्गाला पाठवावे, नव्या यंत्राची ओळख करून द्यावी आणि प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात करावी, एवढाच त्या भाषेचा आशय असतो. ज्याला काम येते त्याला ते शिकवताही येते आणि शिकवणे कमी पडत असेल तर कामाची माहितीच कमी पडत असली पाहिजे, असे गृहीत या विचारामागे आहे. हे गृहीत उथळ आहे. चांगल्या निदेशकाजवळ व्यवसायाचे ज्ञान असते, अध्यापनाचे असते, आणि या दोहोंच्या बेरजेतून न मिळणारे एक तिसरे ज्ञानही असते : एखादे कौशल्य नवशिक्याच्या हातात नेमके कोठे आणि कशामुळे बिघडते, हे ओळखण्याचे. ते प्रामुख्याने स्वतःच्या कर्मशाळेत, प्रशिक्षणार्थ्यांचे बिघडलेले काम सहकाऱ्यांसह तपासताना वाढते. म्हणून निदेशकाचा व्यावसायिक विकास हा वर्षातून एखाद्या वेळी बाहेरगावी उरकण्याचा कार्यक्रम राहू नये, तो संस्थेच्या आठवड्याच्या वेळापत्रकाचा भाग झाला पाहिजे. सोलापूरसारख्या, अनेक उद्योग आणि अनेक भाषा एकत्र नांदणाऱ्या शहराच्या संदर्भात हे प्रतिपादन तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

१. काम येणे आणि शिकवता येणे

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती करता येणे यांत मूलभूत भेद केला, तर मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये, जाणकाराच्या ज्ञानाचा बराच मोठा भाग त्याला स्वतःलाही शब्दांत मांडता येत नाही, हे दाखवून दिले. अशा ज्ञानाला अव्यक्त ज्ञान म्हटले जाते. या दोन्ही विचारांचा व्यवसाय शिक्षणाशी असलेला संबंध फार जवळचा आहे. कौशल्य जितके मुरत जाते तितके ते करणाऱ्याच्या जाणिवेतून निसटत जाते, आणि त्यामुळे ज्याचा हात सर्वांत सफाईदार आहे त्यालाच आपण काय करतो हे सांगणे पुष्कळदा अवघड जाते.

जोडारी व्यवसायातील अगदी प्राथमिक काम घ्यावे. कानशीने पोलादाचा पृष्ठभाग सपाट करायला दिला की बहुतेक नवशिक्यांचा जॉब मध्यभागी उंच राहतो आणि कडांना उतरतो, कारण कानस पुढे जाताना झुलते. अनुभवी कारागीर कानस सरळ चालवून दाखवतो आणि तसेच करायला सांगतो. कानस झुलण्याची कारणे मात्र एकाहून अधिक आहेत. व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीला आलेले नसतील, तर शरीर त्या उंचीशी जुळवून घेताना हात वर-खाली होतो. पाय योग्य अंतरावर नसतील, तर जोर खांद्यातून न येता मनगटातून येतो. सर्वांत सूक्ष्म कारण दाबाच्या वाटणीचे असते : फटक्याच्या आरंभी पुढच्या हातावर अधिक, मध्यावर दोन्ही हातांवर समान आणि अखेरीस मुठीवरच्या हातावर अधिक, असा दाब सरकत गेला तरच कानस आडवी राहते. दोष तोच दिसतो, पण प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा. ज्याला हे वेगळे करता येत नाही तो निदेशक 'सराव कर' असे सांगतो, आणि चुकीच्या सवयीचा सराव ती सवय पक्की करतो.

२. प्रचलित व्यवस्थेने काय जाणले आणि काय सोडले

काम येणे म्हणजे शिकवता येणे नव्हे, हे भारतीय व्यवस्थेला मुळीच कळले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. निदेशकांना प्रशिक्षण देणारी पहिली संस्था १९४८ मध्ये बिलासपूरजवळच्या कोनी येथे निघाली, म्हणजे १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेच्याही आधी. पुढे मुंबई, चेन्नई, कानपूर, लुधियाना, हैदराबाद आदी ठिकाणी केंद्रीय संस्था उभ्या राहिल्या आणि आज त्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जातात. दोन तुकड्यांसाठी दोन निदेशक असतील तर एक पदवी वा पदविकाधारक असावा, दुसरा त्या व्यवसायाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलेला असावा आणि दोघांजवळही निदेशक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असावे, हा निकष अभ्यासक्रमातच नोंदलेला आहे. सिद्धान्त जाणणारा आणि हात चालवणारा यांची जोडी घालण्यामागची दृष्टी निश्चितच चांगली आहे.

निदेशक प्रशिक्षणात शिकवल्या जाणाऱ्या पाठ टाचणाच्या चार पायऱ्यांनाही, म्हणजे पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी यांनाही, मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जहाजबांधणी उद्योगासाठी हजारो कामगार झटपट घडवावे लागले, आणि त्या अनुभवातून चार्ल्स अॅलन यांनी १९१९ मध्ये ही पद्धत ग्रंथरूपाने मांडली. दुसऱ्या महायुद्धात त्याच देशाने तिला उद्योगांतर्गत प्रशिक्षण कार्यक्रमाचे रूप दिले आणि युद्धानंतर ती जपानी कारखान्यांत रुजली. या कार्यक्रमात शिकवण्याआधी प्रशिक्षकाने कामाचा तक्ता करायचा असे. त्यात कामाचे टप्पे असत आणि प्रत्येक टप्प्यातील कळीची बाब लिहिलेली असे.

या पद्धतीचे सामर्थ्य पायऱ्यांच्या नावांत नसून त्या तक्त्यातल्या कळीच्या बाबींत होते. आपल्याकडे पायऱ्या टिकल्या आणि तक्ता मागे पडला. एका बाजूला व्यवसायाचे तंत्रज्ञान, दुसऱ्या बाजूला अध्यापनाची सर्वसाधारण तत्त्वे असे दोन विषय निदेशकाला शेजारी शेजारी शिकवले जातात आणि त्यांचा मिलाफ त्याच्या डोक्यात आपोआप होईल असे धरून चालतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये शालेय शिक्षकांच्या संदर्भात दाखवले की असा मिलाफ आपोआप होत नाही. विशिष्ट विषय विशिष्ट वयाच्या मुलांना शिकवताना लागणारी समज ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे आणि ती जाणीवपूर्वक घडवावी लागते. गणिताच्या शिक्षकाला जे लागू आहे ते संधात्याच्या निदेशकाला अधिकच लागू आहे, कारण त्याच्या विद्यार्थ्याची चूक वहीत उमटत नाही, ती शरीराच्या हालचालीत दडलेली असते.

३. चुकांचे शास्त्र

वेल्डिंग करताना जोडाच्या कडेला मूळ धातूत जी खाच पडते तिला अंडरकट म्हणतात आणि तिच्यामुळे जोड कमकुवत होतो. पुस्तकात तिची कारणे दिलेली असतात : प्रवाह जास्त, आर्क लांब, इलेक्ट्रोडचा कोन चुकीचा, हाताचा वेग अधिक. यादी बरोबर आहे, पण समोरच्या मुलाच्या बाबतीत यांपैकी कोणते कारण लागू आहे हे तिच्यातून कळत नाही. ते कळते ते दोष कोठे आहे यावरून. जोडाचा पूर्वार्ध चांगला आणि उत्तरार्ध बिघडलेला असेल, तर इलेक्ट्रोड जळून आखूड होत असताना हात तितकाच खाली आणायचा असतो हे त्या मुलाच्या अंगवळणी पडलेले नाही आणि त्यामुळे आर्क लांबत गेला, अशी शक्यता सर्वांत मोठी. संपूर्ण लांबीभर सारखाच दोष असेल तर आधी प्रवाह तपासावा. आर्कचा आवाज कान देऊन ऐकणारा निदेशक तर जॉब थंड होण्याआधीच निदान करतो, कारण आखूड आणि लांब आर्कचा आवाज निरनिराळा असतो.

शिवणकामात असेच आहे. सोलापुरात शालेय आणि इतर गणवेश तयार करण्याचा उद्योग चांगलाच फोफावला आहे आणि तेथे शिलाईला चुण्या पडणे हा रोजचा दोष आहे. धाग्याचा ताण जास्त असणे, सुई कापडाच्या मानाने जाड असणे ही यंत्राकडची कारणे झाली. घरगुती यंत्रावर शिकलेली मुलगी औद्योगिक यंत्राच्या वेगाला बिचकून कापड मागून ओढते, हे हाताकडचे कारण. यंत्राचे कारण दुरुस्त करायला मिनिटे पुरतात. हाताचे कारण जाण्यासाठी आधी भीती जावी लागते आणि त्यासाठी सरावाचा क्रम वेगळा आखावा लागतो. दोहोंत गल्लत झाली तर मुलगी यंत्राला दोष देत राहते किंवा स्वतःला, आणि दुसरी शक्यता अधिक घातक, कारण 'आपल्याला हे जमणार नाही' हा निष्कर्ष ती घरी घेऊन जाते.

अशा निदानांचा साठा प्रत्येक जुन्या निदेशकाजवळ असतो आणि त्यातला फार थोडा कागदावर उतरलेला असतो. निदेशक निवृत्त झाला की तोही संपतो आणि त्याच्या जागी येणारा तरुण तोच अनुभव पहिल्यापासून, म्हणजे पुढच्या कित्येक तुकड्यांच्या नुकसानीतून, गोळा करू लागतो. व्यावसायिक विकासाच्या चर्चेत ही हानी क्वचितच मोजली जाते, आणि या लेखातील आग्रहाचे मूळ तिच्यातच आहे.

४. सोलापूरची साक्ष

ज्ञानाची अशी हानी सोलापूरने फार मोठ्या प्रमाणावर सोसली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिच्या पाठोपाठ नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक बंद पडल्या. कोणता माग कोणत्या आवाजाने बिघाडाची सूचना देतो, ताण्याचे धागे एकाच बाजूला का तुटतात, हे जाणणारे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर, त्या गिरण्यांत होते. गिरण्यांच्या जमिनी, यंत्रे, देणी यांचा हिशोब झाला, तसा या जाणकारीचा करण्याची व्यवस्था नव्हती. तिच्यातले जे वाचले ते प्रामुख्याने तेलंगणातून येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली समाजाच्या घरांतून आणि यंत्रमागाच्या कारखान्यांतून, बापाकडून मुलाकडे जात वाचले. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टॉवेल यांमागे अशी न लिहिलेली विद्या आहे.

याच शहरात चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे कॅमशाफ्ट तयार होतात, जेथे मापाची चूक मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजली जाते. शहराबाहेर राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात साखर कारखान्यांची दाटी आहे. विजापूर रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातच इतक्या निरनिराळ्या तांत्रिक संस्कृती नांदत असताना तिच्या निदेशकाला शिकण्यासाठी केवळ मुंबईचीच वाट दाखवणे हा मोठा अपव्यय आहे.

साखर कारखान्यांचा मुद्दा स्वतंत्र विचारास पात्र आहे. गळीत हंगाम साधारणपणे उन्हाळ्याच्या आरंभी संपतो आणि पुढचे काही महिने कारखान्यात दुरुस्ती चालते. ऊस चिरडणारे रोलर, त्यांचे बेअरिंग, पंप, झडपा, वाफेच्या वाहिन्या आणि बॉयलर सारे उघडले जाते. एरवी बंद आवरणाआड चालणारी यंत्रणा सुटी होऊन जमिनीवर मांडलेली दिसते आणि ती पुन्हा जुळवताना जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री यांना एकाच छपराखाली काम करावे लागते. निदेशकासाठी याहून समृद्ध प्रशिक्षणवर्ग कल्पनेत आणणे कठीण आहे. तो दरवर्षी भरतो, जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांत भरतो आणि त्यासाठी स्वतंत्र इमारत बांधावी लागत नाही. निदेशकाला तेथे पाहुणा म्हणून फिरवून आणणे मात्र निरर्थक ठरेल. त्याने दोन-तीन आठवडे दुरुस्तीच्या टोळीत काम करावे आणि जाताना एक नेमका प्रश्न सोबत न्यावा, उदाहरणार्थ, नवा कामगार बेअरिंग बसवताना कोणत्या टप्प्यावर चुकतो आणि जुना फिटर ती चूक कशावरून ओळखतो.

सोलापूरच्या संदर्भात भाषेचाही विचार करावा लागतो. येथील प्रशिक्षणार्थी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा वेगवेगळ्या घरांतून येतात. जॉब बिघडला की तो कसा बिघडला हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू देणे, हा निदानाचा अर्धा भाग असतो, आणि ते सांगणे त्याला परक्या भाषेत करावे लागले तर तो गप्प बसतो. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये बडोद्यात स्थापलेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रशिक्षण देशी भाषांतून देण्याचा आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके, परिभाषा घडवण्याचा आग्रह धरला होता. तो आग्रह आजच्या निदेशक प्रशिक्षणात जवळजवळ विसरला गेला आहे.

५. विकासाचे ठिकाण

तिसरे ज्ञान वाढवायचे तर प्रत्येक संस्थेत एका व्यवसायाच्या किंवा जवळच्या व्यवसायांच्या निदेशकांनी आठवड्यातून दोन तास एकत्र बसावे आणि त्यांच्यासमोर त्या आठवड्यात बिघडलेले जॉब असावेत. एकाने दोषाचे वर्णन करावे, इतरांनी कारणे सुचवावीत, आणि पुढच्या आठवड्यात ज्याचा उपाय लागू पडला त्याची नोंद व्हावी. जपानमधील शालेय शिक्षक एकमेकांचा पाठ पाहून त्यावर चर्चा करण्याची जी पद्धत दीर्घकाळ पाळत आले आहेत, तिचेच हे कर्मशाळेतले रूप होय. वर्षअखेरीस त्या नोंदींतून दोष, संभाव्य कारण, ओळखण्याची खूण आणि उपाय अशी वही तयार होईल. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट येथील निदेशकांच्या वह्या तिच्याशी ताडून पाहिल्या तर जिल्ह्याचा स्वतःचा ग्रंथ उभा राहील.

बाहेरचे प्रशिक्षण यामुळे अनावश्यक ठरत नाही. उलट, आपल्या कर्मशाळेतले न सुटलेले प्रश्न घेऊन राष्ट्रीय संस्थेत गेलेला निदेशक तेथून कितीतरी अधिक घेऊन येईल.

६. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. उस्तादाच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या कारागीर तयार झाले, त्या उस्तादांना कोणी अध्यापनशास्त्र शिकवले होते, असे विचारले जाते. पण ती पद्धत दोन अटींवर चालत होती. शागिर्दाजवळ अनेक वर्षे होती, आणि जो टिकला नाही त्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. आजच्या अभ्यासक्रमात वर्षाचे १,२०० तास असून त्यांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि तुकडीतील वीस-चोवीस मुलांपैकी प्रत्येकाला शिकवण्याचे बंधन सार्वजनिक संस्थेवर आहे. वेळ कमी आणि कोणालाही वगळायचे नाही, अशी स्थिती असताना शिकवण्याचे शास्त्र लागतेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पदे रिक्त आहेत, अनेक निदेशक तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर काम करतात, तेव्हा त्यांच्याकडून विकासाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे नाही काय? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करावीच लागते. चर्चेच्या दोन तासांचे मानधन न देता त्यांना बसवून घेणे हे शोषणच होईल, म्हणून ते तास वेतनपात्र मानले गेले पाहिजेत. मात्र भरती पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा निष्कर्ष यातून निघत नाही. नोकरीची शाश्वती नसल्याने निदेशक वारंवार बदलतात, आणि जेथे माणसे बदलतात तेथे नोंदवून ठेवलेल्या ज्ञानाची गरज वाढते.

दृक्‌श्राव्य पाठ आणि प्रमाणित पुस्तके असताना याची गरज काय, असेही म्हटले जाते. चेन्नई येथील राष्ट्रीय अनुदेशनात्मक माध्यम संस्था १९८६ पासून दर्जेदार साहित्य तयार करीत आली आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. तथापि बरोबर काम कसे करावे हे चित्रफीत दाखवू शकते, समोरच्या मुलाचे काम का चुकले हे ती पाहू शकत नाही.

प्रशिक्षकाच्या अध्यापन पात्रतेचा अतिरेक झाला तर उद्योग दूर जातील, या भीतीला जर्मनीच्या अनुभवाने उत्तर दिले आहे. तेथे कारखान्यातील प्रशिक्षकालाही अध्यापनविषयक पात्रता परीक्षा द्यावी लागते. प्रशिक्षणाच्या जागा वाढाव्यात म्हणून ही अट २००३ मध्ये स्थगित करण्यात आली आणि २००९ मध्ये, प्रशिक्षणाच्या दर्जाच्या काळजीने, पुन्हा लागू करण्यात आली. उद्योगांशी सर्वांत घट्ट नाते असलेल्या देशानेही अखेर ही अट सोडली नाही.

राहिला मोजमापाचा प्रश्न. अशा चर्चांचे फलित प्रमाणपत्रासारखे मोजता येत नाही, हे खरे आहे. पण एखादा दोष गेल्या वर्षीच्या तुकडीत किती जॉबमध्ये आला आणि यंदा किती जॉबमध्ये आला, हे कोणत्याही कर्मशाळेत मोजता येते, आणि उपस्थितीच्या दाखल्यापेक्षा ते मोजमाप अधिक विश्वसनीय आहे.

७. येऊ घातलेला निधी

केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या उन्नतीसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात १,००० शासकीय संस्थांची उन्नती, ५०,००० प्रशिक्षकांचे प्रशिक्षण आणि पाच राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रांचा समावेश आहे. ही केंद्रे भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना येथे होणार असून त्यांपैकी एकही महाराष्ट्रात नाही. निदेशकाला पाठवायचे कोठे एवढाच प्रश्न विचारला तर ही गोष्ट राज्याच्या हानीची वाटेल. तो शिकतो कोठे असा प्रश्न विचारला तर मात्र राज्याच्या हातात करण्यासारखे पुष्कळ उरते.

व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने येत्या सत्राच्या वेळापत्रकात निदेशकांच्या चर्चेचे दोन तास अधिकृतपणे समाविष्ट करावेत, तासिका तत्त्वावरील निदेशकांना त्यांचे मानधन द्यावे, आणि संस्था व्यवस्थापन समित्यांमार्फत सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांशी दुरुस्तीच्या काळातील निदेशकांच्या प्रत्यक्ष कामाचा करार करावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेवटचा ऊस गाळून झाला की कारखाने पुन्हा उघडले जाणारच आहेत.